माझ्या तोंडाचे सात साचे

सोमवार, ११ मार्च
जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार, पिल्लूच्या गालाला एक पापा. पिल्लूला आठवं लागलं असेल ना? म्हणजे पुढचे दात आले असतील. थोडे वाकडे आले असले तरी लगेच तारा लावायला धावू नका, जबडा वाढला की पुष्कळदा ते आपसूक ओळीत येतात. बघ, पाच वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि सुरुवात दातांपासून. दुसरं मला येतंच काय.

मी बरी आहे. काम तेच, जागा तीच. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे ठसे येतात, आम्ही त्यांत प्लास्टर ओतून साचा काढतो आणि त्या साच्यावर कॅप, कवळी, जे हवं ते बनवून पाठवून देतो. माणूस कधी दिसत नाही, नुसतं तोंड दिसतं. आमच्या मास्तरांचे केस आता सगळे पांढरे झालेत, त्यात वय किती आणि प्लास्टर किती हे त्यांनाही सांगता यायचं नाही. शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली दिवसभर मशीनच्या आवाजावर ओरडून बोलते आणि सुट्टीतही तिचा आवाज खाली येत नाही. त्यामुळे तिची सासू, तिचे गुडघे आणि तिच्या जावेचा नवा फ्रिज यांची खबरबात आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे.

घरी तोही बरा आहे. गाडी शिकवण्याचं चालूच आहे. नवशिक्या बायकांना शिकवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, असं सगळे म्हणतात. इतका शांत माणूस बघितला नाही म्हणतात. खरंच आहे ते. आवाज कधी चढत नाही.

बातमी अशी की आम्ही ३१ तारखेला हे गाव सोडतोय. त्याच्या एका मित्राने आठ तासांवरच्या गावात गाडी शिकवण्याची नवी शाळा काढलीय, तिथे तो सांभाळायला जाणार. तिथे दातांचं काम मिळणार नाही, पण तो म्हणतो, तुला आता काम करायची गरजच काय. राजीनामा काल लिहून झाला, बॅगेत आहे, आज मास्तरांना द्यायचा आहे. म्हटलं जाण्याआधी तुझ्या कानावर घालावं.

आणि एक. दोन वर्षांपूर्वी मावशीच्या सत्तरीला तू लांबून माझ्या तोंडाकडे बघत होतीस, मी पाहिलं. माझा समोरचा डावा दात खोटा आहे. बाथरूममध्ये पाय घसरला होता. कॅप मीच केली. कुणाला ओळखू येत नाही.

घंटा झाली. उरलेलं उद्या.

मंगळवार

राजीनामा दिला नाही. मास्तर एका कवळीत डोकं घालून बसले होते, मध्येच काय बोलायचं म्हणून राहिलं. असं मी स्वतःला सांगितलं.

हे पत्र कामाच्या चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितेय, त्याबद्दल रागावू नकोस. घरी लिहिता येत नाही. तो माझी बॅग बघतो. बघतो म्हणजे आवरतो. फोनही आवरतो. हे कागद इथेच मेणाच्या खणात राहतात. काल संध्याकाळी बॅग आवरताना त्याला राजीनामा तसाच सापडला. त्याने तो परत घडी करून बॅगेत ठेवला. जेवला, ताट विसळलं, माझंही विसळलं, आणि मग शिकवताना असतो त्याच आवाजात म्हणाला, "घाई नाही. उद्या दे."

ताई, मला रात्रभर झोप लागली नाही. तुला वाटेल, यात एवढं काय आहे. तीच तर पंचाईत आहे. त्याचं कुठलंही वाक्य मी कुणाला सांगितलं तर ते चांगलंच वाटतं.

काल मी बाथरूमचं लिहिलं ते खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे. इतक्या जणांना सांगितलंय की हात आपोआप तेच लिहितो.

त्याच्याकडेच मी गाडी शिकायला गेले होते, आठवतं ना. सहा वर्षं शिकतेय. माझ्यानंतर आलेल्या शेकडो बायका परीक्षा देऊन आपापल्या गाड्या घेऊन गेल्या आणि मी अजून शिकाऊ. दर वर्षी तो म्हणायचा, तुझी अजून तयारी नाही. तीन वर्षांपूर्वी मी त्याला न विचारता परीक्षेचा फॉर्म भरला. त्याला बरं वाटेल अशी माझी समजूत. एका रविवारी सरावाच्या मैदानात मी गाडी चालवत होते, तो शेजारी. तेव्हा सांगितलं.

शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तुला माहीत आहेच. गाडी चांगली वेगात होती. तो म्हणाला, "अभिनंदन." आणि त्याने पाय दाबला.

माझं तोंड स्टीअरिंगवर आपटलं. त्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही असं तो म्हणतो आणि ते खरं आहे. त्याने पाय दाबला. वर म्हणाला, समोर कुत्रं आलं होतं, तुला दिसलं नाही, म्हणूनच म्हणतो तयारी नाही. मैदान रिकामं होतं, ताई. मी अजून अधूनमधून डोळे मिटून त्या मैदानात कुत्रं शोधते.

आणि पट्टा. पट्टा लावल्याशिवाय तो कुणाला किल्लीला हात लावू देत नाही. त्या दिवशी मी लावायला लागले तर म्हणाला, मैदानातच तर आहोत, राहू दे. म्हणजे फॉर्मचं त्याला आधीच कळलं होतं. हे माझ्या डोक्यात यायला दीड वर्ष लागलं. एका बाईची दाढ घडवत होते आणि एकदम कळलं, ब्रश हातातून पडला.

बुधवार

आज हे पत्र फाडणार होते.

तो आला होता इथे, दुपारी, सगळ्यांसाठी आइस्क्रीम घेऊन. पॉलिशवालीला तिच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. तिचा आवाज चक्क खाली आला, ताई, लाजली बाई. मास्तरांना म्हणाला, हिला घेऊन चाललोय, तुमचा हात मोडल्यासारखं होईल, माफ करा. मास्तर नुसते "हं" म्हणाले. मग तो माझ्या टेबलाशी वाकला, माझ्या गालावरची प्लास्टरची पूड अंगठ्याने पुसली, आणि मी, एवढं सगळं काल लिहून ठेवलेली मी, तिथल्या तिथे विरघळले. खण उघडून कागद चुरगाळेपर्यंत मजल गेली होती. तो गेल्यावर पॉलिशवाली म्हणाली, नशीब काढलंस. मी हसले. हसायला मला खास दात आहे.

मला तो आवडतो. हे लिहिताना शरमेने जीव जातोय, पण हे लपवलं तर बाकीचं सगळं खोटं ठरेल. आई गेल्यावर माझे हात थरथरायचे, नोकरी जायची वेळ आली होती, म्हणून कुणीतरी सुचवलं की गाडी शीक, हात स्थिर होतील. पहिल्याच दिवशी चौकात गाडी सात वेळा बंद पडली. मागे भोंग्यांचा गोंगाट. तो म्हणाला, बंद पडली तर पडू दे, आपण परत सुरू करू. मी तिथेच रडायला लागले. आई गेल्यापासून मला कुणी इतक्या सावकाश काही म्हटलंच नव्हतं. त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं काढली. प्रत्येक वेळी वाटतं, बंद पडली आहे, परत सुरू करू.

आता ते पत्र. तेच लिहायचं टाळत होते.

पाच वर्षांपूर्वी तुला माझं पत्र आलं, त्यात होतं की आईला दवाखान्यात न्यायला तू दोन दिवस लावलेस म्हणून आई गेली, आणि यापुढे तुझा माझा संबंध नाही. अक्षर माझं होतं. शब्द एकही माझा नव्हता. त्याने सांगितला, मी लिहिला, जेवणाच्या टेबलावर, तो फेऱ्या मारत होता आणि मी शाळेतल्यासारखी खाली मान घालून. त्या दोन दिवसांवरून तू स्वतःला किती खातेस, हे मीच त्याला सांगितलं होतं, तो मला जवळचा वाटत होता तेव्हा. त्याने नेमकं तेच उचललं. आणि फेकायला माझा हात वापरला.

मी का लिहिलं, असं विचारशील. विचारायलाच हवंस. त्याने मारलं नव्हतं, कोंडलं नव्हतं. चार दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, एवढंच. घरात मी नाहीच अशा रीतीने वावरत होता. पाचव्या दिवशी म्हणाला, तुझ्या बहिणीने आपल्यात विष कालवलंय, तिला एकदा लिहून टाक. मी बोलण्यासाठी इतकी आसुसले होते की त्याने मला लिहायला सांगितलं याचाच आनंद झाला. हे माझ्या हातून झालं. त्याच्या नावावर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही.

एकच गोष्ट मी माझ्या मनाने केली होती. माझे पुढचे दुधाचे दात सगळे एकदम पडले होते आणि तू मला बोळकी म्हणायला लागलीस. तेव्हापासून तुला लिहिलेल्या एकाही चिठ्ठीखाली मी दुसरं नाव घातलं नव्हतं. त्या पत्राखाली मी माझं पूर्ण नाव घातलं, आडनावासकट. त्याला बोळकी हे नाव माहीतच नाही, त्यामुळे कळलं नाही. मला वाटलं, तू खालची सही बघशील आणि तुला पटकन उमगेल की ही बोळकी नव्हे. तुला वाटलं असेल, बहीण एवढी परकी झाली की नावही परकं घातलं. आठवडाभर मी तुझी वाट बघत होते. आणि तू आलीस.

दार मी साखळी लावून उघडलं. तुझ्या हातात पिशवी होती, वरून आईचा तपकिरी स्वेटर दिसत होता. मी म्हटलं, "मला तुझी गरज नाही. परत येऊ नकोस. जा." तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुला दार दिसत होतं, दारामागचा तो दिसत नव्हता. त्याचा तळहात माझ्या मानेवर होता. दाबत नव्हता. नुसता ठेवला होता.

तू पिशवी उंबऱ्यावर ठेवून गेलीस. जिना उतरताना मध्येच थांबलीस, ते मी ऐकलं. मी हाक मारली नाही. स्वेटर दुसऱ्या दिवशी घरात नव्हता.

शुक्रवार

काल लिहिलं नाही. गुरुवारी तो दिवसभर परीक्षेच्या मैदानावर असतो, त्याच्याकडे शिकणाऱ्या बायकांना परीक्षेला उभं करतो, आठवड्यातला तेवढा एकच दिवस त्याची पाळत नसते. वाटलं होतं, काल भरपूर लिहीन. एक ओळ सुचली नाही. समोर कुणी नसलं की मला आता काही सुचेनासं झालंय. संध्याकाळी त्याने विचारलं, राजीनामा दिलास? मी हो म्हटलं, कागद इथेच मेणाच्या खणात ठेवून गेले होते. सहा वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं. रात्रभर दात खाल्ले, सकाळी जबडा उघडेना.

म्हणून आज सकाळी आल्या आल्या तो कागद मास्तरांपुढे ठेवला. खरंच दिला, ताई. मी सुटायला धडपडत नव्हते, खोटं पकडलं जाईल म्हणून घाबरले होते.

मास्तरांनी वाचला. परत वाचला. मग म्हणाले, "अक्षर तुझं आहे." आणि उठून मागच्या फडताळाकडे गेले.

इथली एक रीत तुला सांगायला हवी. दर वर्षी जानेवारीत प्लास्टरचा नवा माल आला की मास्तर तो आधी रुग्णाच्या कामाला वापरत नाहीत. आधी आमच्या सगळ्यांच्या तोंडाचे ठसे घ्यायचे, त्यांत ओतून बघायचं, तडे जातात का, बारीक रेषा नीट उमटतात का. खाली पेन्सिलीने तारीख घालायची. आम्ही थट्टा करतो, वाढदिवस विसरला तरी चालेल, तोंड विसरायचं नाही. लोकांचे साचे दोन वर्षांनी फेकतात. आमचे त्यांनी ठेवलेत. मला वाटायचं, आळस.

त्यांनी माझे सात साचे टेबलावर ओळीने मांडले. पहिला आई गेली त्या वर्षीचा, त्यात माझा समोरचा डावा दात आहे, तोच, किंचित तिरका, ज्यावरून तू मला चिडवायचीस. दुसऱ्यात, तिसऱ्यात आहे. चौथ्यात अर्धाच. त्या आठवड्यात नवा माल आला होता आणि मी मेलीने त्याच साच्यावर स्वतःची कॅप बेतली होती. भट्टीत दात आक्रसतो, म्हणून थोडा मोठा घडवावा लागतो, ते गणित मला इतकं जमलंय की पाचव्यात कॅप मूळ दाताच्या जागी बेमालूम बसलीय. तिरकेपणासुद्धा तसाच ठेवला मी. आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम मी स्वतःच्याच तोंडावर पांघरूण घालायला केलं. आणि वाट कुणाची बघत होते, तर कुणीतरी ओळखेल याची.

मास्तरांचं बोट त्या दातावर नव्हतंच. ते दाढा दाखवत होते. पहिल्या साच्यात दाढांवर उंचसखल कंगोरे आहेत. सातव्यात सपाट, पाटा झालाय. झोपेत दात खाऊन खाऊन. दर साच्यात थोडं थोडं झिजत गेलेलं दिसतं, तारीखवार.

मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "पडणारा माणूस आधी हात पुढे टाकतो. त्या सोमवारी तू आलीस तेव्हा तुझ्या तळहातांना खरचटलंही नव्हतं."

तीन वर्षं त्यांना माहीत होतं. मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं, "मला वाटलं तू बोलशील, मी विचारलं तर तू काम सोडून जाशील." बिचारे मास्तर नुसते साचे जपून ठेवत राहिले. त्यांना एवढंच येतं. मला तरी कुठे जास्त येतं. मग राजीनाम्याची घडी करून त्यांनी ती प्लास्टरच्या पिंपाखाली सरकवली आणि म्हणाले, महिनाअखेरीला हवा असेल तर मागून घे. आणि विचारलं, "हे कुणाला दाखवायचेत?"

मी म्हटलं, बहिणीला.

तर ताई, या कागदांबरोबर खोकं येतंय. सातही साचे कापसात गुंडाळलेत, पॉलिशवालीने गुंडाळले. तिला मी काही सांगितलं नाही, पण गुंडाळता गुंडाळता ती गप्प झाली आणि दिवसभर गप्पच आहे. चौथा साचा नाजूक आहे, जपून काढ. माझ्या अक्षरावर तू आता विश्वास ठेवावास असं म्हणायला मला तोंड नाही. हे बघ. यातलं काहीही माझ्याकडून कुणी सांगून लिहून घेतलेलं नाही.

मला वाचव. वेगळ्या शब्दांत लिहून पाहिलं, जमलं नाही. मला फार भीती वाटते. त्याची वाटते, आणि त्याच्याशिवाय राहण्याचीही वाटते, आणि या दोन्हींत मी एकटीने काही निवडू शकत नाही. ३१ तारखेला मी सांगितल्याप्रमाणे आवरून खाली उतरेन आणि त्याच्या शेजारी गाडीत बसेन. तो पट्टा लावू देईल की नाही, माहीत नाही. आठ तासांचा रस्ता आहे.

येत्या गुरुवारी, २१ तारखेला, सकाळी अकराला इथे ये. घरी नाही, इथे कामावर. तो दोन वाजेपर्यंत मैदानावर असतो. भावजींना घेऊन आलीस तरी चालेल. उत्तर पाठवू नकोस, फोन करू नकोस, नुसती ये. मास्तर दारातच बसतात.

आणि हे नीट वाच, दोनदा वाच. तुला बघितल्यावर मी बाहेर येणार नाही. मी म्हणेन, कामात आहे. मी म्हणेन, ते पत्र रागाच्या भरात लिहिलं होतं, तसं काही नाही, तो बदललाय. हसेन, आणि फार छान हसेन. मला स्वतःची खात्री आहे, पाच वर्षांपूर्वी वागले तशीच वागेन. मी तुला जा म्हणेन.

जाऊ नकोस.

तुझीच,
बोळकी